दाराच्या आतली झोंबी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. महागाई, बेकारी, उद्ध्वस्त होत चाललेली शेती हे प्रश्न पुढे उभे असताना थडग्यांतून उठून माणसे खाणाऱ्या प्रेतांच्या चित्रपटांवर अभ्यासवर्गाचा एक तास खर्च करावा काय, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. हे चित्रपट म्हणजे बाजारू करमणुकीचा गाळ, त्यांत रक्त आणि किंकाळ्या यांखेरीज काय सापडणार, असेही मत पुरोगामी वर्तुळात रूढ आहे. बव्हंशी ते खरेही आहे. ह्या जातीच्या चित्रपटांतील बहुसंख्य चित्रपट विसरले जाण्याच्याच लायकीचे आहेत. परंतु जी गोष्ट जगभर कोट्यवधी लोक पदरचे पैसे मोजून पाहतात, तिच्यातून ते माणसाविषयी काय शिकून घरी जातात याची चौकशी न करणे चळवळीला परवडणारे नाही.

ते शिकतात ते थोडक्यात असे : संकट आले, सरकार कोसळले, पोलीस नाहीसे झाले, की माणूस माणसाचा वैरी होतो. बाहेर प्रेते, आत शेजारी. आणि दोहोंपैकी शेजारी अधिक घातकी. म्हणून ज्याच्या हाती बंदूक, ज्याचे दार भक्कम, तोच जगतो. हा सिद्धान्त नवा नाही. माणसांना दरारा वाटेल अशी सत्ता डोक्यावर नसेल तर सर्वांचे सर्वांशी युद्ध जुंपते, असे इंग्लंडमध्ये थॉमस हॉब्ज ह्याने १६५१ साली सांगून ठेवले होते. हा सिद्धान्त खरा असेल तर समाजवादाचा पायाच खचतो. समता, सहकार, बंधुभाव ह्या गोष्टी मग पोट भरलेल्या दिवसांतील चैनी ठरतात आणि खरा माणूस म्हणजे बंद दारामागे बंदूक रोखून बसलेला माणूस ठरतो. प्रश्न असा आहे, की ह्या चित्रपटांतील जे थोडे श्रेष्ठ आहेत, ते खरोखरच असे सांगतात काय?

मराठीत झोंबी म्हणजे झटापट, कुस्तीतील पकड, जगण्याशी घेतलेली झुंज. आनंद यादवांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीच्या नावामुळे हा शब्द घरोघर परिचित झाला. परदेशातून आलेल्या प्रेताचे नाव आणि झटापटीचे हे मराठी नाव यांत निव्वळ उच्चारसाम्य आहे. पण योगायोग अर्थपूर्ण आहे. ह्या चित्रपटांचा खरा विषय दाराबाहेरची प्रेते नसून दाराच्या आतली झोंबी हाच आहे.

प्रथम ह्या प्रेताचे कुळ पाहिले पाहिजे. त्याचा जन्म हॉलिवुडमध्ये झालेला नाही. तो हैतीमध्ये, उसाच्या मळ्यांत झाला. फ्रान्सची ही सर्वांत श्रीमंत वसाहत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभी होती. मरणानंतर आपला आत्मा समुद्रापलीकडे, पूर्वजांच्या आफ्रिकेत परत जाईल, एवढीच त्या गुलामांना आशा होती. झोंबी म्हणजे ही आशादेखील ज्याच्यापासून हिरावून घेतली आहे असा माणूस. मांत्रिकाने थडग्यातून उठवावे आणि मेल्यावरही मळ्यात राबवावे. ना इच्छा, ना स्मृती, ना मजुरी. हैतीच्या शेतकऱ्याला झोंबी आपल्याला खाईल याची भीती नव्हती. आपण झोंबी होऊ, याची होती. गुलामगिरीची याहून नेमकी व्याख्या एखाद्या अर्थशास्त्रज्ञालाही करता आली नसती.

१७९१ साली ह्या गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र हैतीची घोषणा झाली. ह्या अपराधाबद्दल १८२५ साली फ्रान्सने आरमार पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ज्यांनी स्वतःला मुक्त केले त्यांनीच मालकांना स्वतःची किंमत चुकवावी, असा हा न्याय होता. पुढे रक्कम कमी झाली, तरी कर्जाचा फास राहिलाच. १९१५ साली अमेरिकन फौजा हैतीत उतरल्या त्या १९३४ पर्यंत हलल्या नाहीत. रस्ते बांधण्यासाठी त्यांनी शेतकऱ्यांना वेठीस धरले. त्याविरुद्ध उठलेल्या बंडाचा नेता शार्लमाञ पेराल्त ह्याला १९१९ साली ठार मारण्यात आले.

ह्याच काळात विल्यम सीब्रुक ह्या अमेरिकन प्रवाशाने ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध केले आणि झोंबी हा शब्द पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोचला. त्यातील गाजलेली कथा अशी, की हैतीतील अमेरिकन साखर कंपनीच्या उसाच्या फडात एक मुकादम मेलेल्यांची टोळी घेऊन येतो. मेलेले राबतात आणि मजुरी मुकादम खिशात घालतो. एके दिवशी त्यांच्या तोंडी चुकून मीठ पडते. मिठाची चव लागताच त्यांना आपण मेलेले आहोत हे कळते आणि ते सारे आपल्या गावच्या थडग्यांकडे चालू लागतात. आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणजे धन्याशी इमान राखणे. हैतीच्या कष्टकऱ्याने मिठाचा अर्थ उलटा लावला. मीठ खाऊन त्याचा मजूर धन्याच्या गुंगीतून जागा झाला.

हॉलिवुडने ही कथा उचलली आणि तिची बाजू बदलली. व्हिक्टर हाल्पेरिन यांच्या ‘व्हाइट झोंबी’ (१९३२) ह्या चित्रपटात बेला लुगोसीने रंगवलेला गिरणीमालक आपली साखर गिरणी मेलेल्या मजुरांकडून चालवतो. त्यातील एक दृश्य पाहणारा सहसा विसरत नाही. चरकाभोवती मूकपणे फिरणाऱ्या मजुरांपैकी एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो. कोणी वळून पाहत नाही, चरक थांबत नाही. तथापि चित्रपटाला चिंता ह्या मजुरांची नाही. एका गोऱ्या तरुणीवर हाच प्रयोग होतो, ही त्याची चिंता आहे. शोषिताची भीती अशी शोषकाच्या भीतीत रूपांतरित झाली. जो मजूर होता तो भयंकर झाला आणि जो मालक होता तो भ्यालेला निरपराध माणूस ठरला. पुढील काळातील कित्येक चित्रपट ह्याच वळणाने गेले आहेत.

ह्या प्रवाहाला वेगळी दिशा दिली जॉर्ज रोमेरो ह्याने. पिट्सबर्ग ह्या पोलादनगरीत जाहिराती आणि लघुपट तयार करणाऱ्या काही तरुणांनी पदरमोड करून, मित्रांकडून पैसे गोळा करून, सुमारे सव्वा लाख डॉलरांच्या आत एक कृष्णधवल चित्रपट पुरा केला. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा तो चित्रपट १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्येच प्रथम दाखवला गेला. त्यात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. परंतु आज त्या शब्दाने डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते ह्याच चित्रपटाने घडवलेले आहे.

कथा साधी आहे. मेलेले उठून जिवंतांना खाऊ लागले आहेत. खेड्यातील एका एकाकी घरात सात माणसे अडकतात. बेन हा कृष्णवर्णीय तरुण फळ्या ठोकून दारे-खिडक्या बंद करतो. भावाला डोळ्यांदेखत मरताना पाहून सुन्न झालेली बार्बरा त्याच्या सोबतीला आहे. बऱ्याच वेळाने कळते, की तळघरात आणखी पाच माणसे लपलेली आहेत : हॅरी कूपर, त्याची बायको, प्रेताने चावलेली त्यांची लहान मुलगी आणि एक तरुण जोडपे. वरच्या किंकाळ्या त्यांनी ऐकल्या होत्या. पण कूपरने दार उघडले नाही.

येथून झोंबी सुरू होते. कूपर म्हणतो, तळघरात जाऊन एकच दार बंद करावे. बेन म्हणतो, तळघर हा सापळा आहे. वर राहिले तर निसटण्याची वाट तरी राहील. दोघेही हट्टाला पेटतात. खाली तुझे राज्य, वर माझे, अशी घराची फाळणी होते. पेट्रोल आणण्याचा बेत फसतो आणि तरुण जोडपे गाडीसह जळून मरते. बेन जीव घेऊन परत येतो तेव्हा आत असलेला कूपर दार उघडत नाही. बेनला ते फोडून आत यावे लागते. पुढे बंदुकीसाठी झटापट होते आणि बेन कूपरला गोळी घालतो. बाहेरची प्रेते मंद चालणारी, बुद्धिहीन, आगीला भिणारी आहेत. सात माणसे एकत्र राहिली असती तर ती रात्र निभावणे अशक्य नव्हते.

मग हा चित्रपट हॉब्जचेच म्हणणे मांडतो काय? वरवर पाहता तसे वाटेल. पण शेवटाकडे लक्ष दिले पाहिजे. घर पडते, सारे मरतात आणि एकटा बेन शेवटी त्याच तळघरात जाऊन दार लावून घेतो, ज्याला त्याने सापळा म्हटले होते. तेथे तो रात्रभर सुरक्षित राहतो. म्हणजे योजना कूपरची बरोबर होती! परंतु तो ती मांडत होता ती स्वतःच्या कुटुंबापुरती. वर ओरडणाऱ्या अनोळखी मुलीसाठी ज्याने दार उघडले नाही, त्याच्या बरोबर योजनेवर कोणी विश्वास कसा ठेवावा? आणि बेन शूर होता, राबणारा होता, परंतु ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे म्हणणे तपासून पाहण्याइतका धीर त्याच्यापाशी नव्हता. पाच शहाण्या माणसांनी बसून दोन्ही योजना एकमेकींना जोडल्या असत्या – वर फळ्या, आणि त्या तुटल्याच तर खाली तळघर – तर प्रश्न सुटला असता. योजनेचा बरोबरपणा केवळ योजनेत नसतो. ती कोणासाठी आहे आणि ती मांडणाऱ्यावर इतरांचा विश्वास आहे की नाही, यावर तो अवलंबून असतो. ठरावाच्या शब्दांवरून रात्र-रात्र भांडून फुटलेल्या संघटना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. ह्या घरातील माणसे परस्परांना अनोळखी आहेत. सरकार काय म्हणते ते ऐकायला ती दूरचित्रवाणीपुढे बसतात. एकमेकांपुढे मात्र बसत नाहीत. हा काही मनुष्यस्वभाव नव्हे. ज्या समाजाने प्रत्येक कुटुंबाला आपापल्या घरात, आपापल्या गाडीत, आपापल्या मालमत्तेत कोंडले, त्या समाजाचा तो अंगवळणी पडलेला स्वभाव आहे. त्याला निसर्गाचे नाव देणे ही प्रस्थापितांची जुनी हातचलाखी होय.

सकाळ होते. शेरीफ आणि बंदूकधारी नागरिकांची टोळी कुत्रे घेऊन शेते साफ करीत येते. मदत आली असे समजून बेन खिडकीपाशी येतो. दुरून एक जण नेम धरतो आणि बेन कपाळात गोळी लागून पडतो. कोणी हाक मारीत नाही, जिवंत आहेस काय असे कोणी विचारीत नाही. मग खरबरीत स्थिरचित्रांच्या मालिकेत आकड्यांनी त्याचे प्रेत ओढले जाते आणि चितेवर टाकले जाते. ती चित्रे थेट दक्षिणेकडील राज्यांत जमावाने मारलेल्या कृष्णवर्णीयांच्या छायाचित्रांची आठवण करून देतात. ड्वेन जोन्स ह्या अभिनेत्याची निवड त्याच्या रंगामुळे झाली नव्हती, त्याची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून झाली होती, असे रोमेरो नेहमी सांगत असे. पण त्यानेच सांगितले आहे, की तयार चित्रपटाची प्रत घेऊन न्यूयॉर्ककडे जात असताना मोटारीच्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली. ती तारीख होती ४ एप्रिल १९६८. त्या वर्षी पडद्यावरची ती गोळी प्रेक्षकांना कल्पित वाटणे शक्यच नव्हते.

ह्या चित्रपटाची पुढची हकीकतही बोधप्रद आहे. वितरकाने चित्रपटाचे मूळ नाव बदलले आणि नवे नाव घालताना स्वामित्वहक्काची सूचना गाळली गेली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार त्यामुळे हक्कच बुडाले. चित्रपट जगभर चालला, कोणीही त्याच्या प्रती काढून विकल्या. ज्यांनी तो घाम गाळून बनवला त्यांच्या हाती त्या कमाईतील फारच थोडे आले. सीब्रुकच्या कथेतील मुकादम येथेही हजर होताच.

दहा वर्षांनी, १९७८ साली, रोमेरोने ‘डॉन ऑफ द डेड’ केला. ह्या वेळी आसऱ्याची जागा होती पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिल येथील प्रचंड मॉल. तेथे रात्री दुकाने बंद झाल्यावर चित्रीकरण चाले. चित्रपटाच्या प्रारंभीच सशस्त्र पोलीस गरीब पोर्तोरिकन आणि कृष्णवर्णीय भाडेकरूंच्या चाळीवर धाड घालतात, कारण तेथील लोकांनी आपले मृत सरकारच्या स्वाधीन केलेले नाहीत. पोलिसांपैकी एक जण वंशद्वेषाने बेभान होऊन दिसेल त्या दारातून गोळ्या झाडतो. ह्या नरकातून पळालेली चार माणसे हेलिकॉप्टरने मॉलच्या छपरावर उतरतात.

मॉलमध्ये मेलेले गर्दी करून फिरत असतात. जिवंतपणी ही त्यांची महत्त्वाची जागा होती, म्हणून सवयीने ते येथे येतात, असा तर्क चौघांपैकी एक जण करतो. चौघे दारे ट्रकांनी अडवतात, आतल्या मेलेल्यांचा निकाल लावतात आणि साऱ्या वैभवाचे मालक होतात. फरचे कोट, उंची घड्याळे, पक्वान्ने. मॉलमधील बँकेतून ते नोटांची पुडकीही उचलतात; ज्या जगात विकत घेण्यासारखे काही उरलेले नाही त्या जगात! हळूहळू त्यांच्यावर अवकळा पसरते. बोलणे संपते, भांडण्यालाही विषय उरत नाही. गरोदर असलेली फ्रॅन तेवढी सावध आहे. निर्णयांत आपल्याला भाग हवा, असे ती पुरुषांना बजावते आणि हेलिकॉप्टर चालवायला शिकते.

मग मोटारसायकलवाल्यांची टोळी मॉल लुटायला येते. लपून राहिले तर टोळी लुटून निघून जाईल, हे उघड असते. पीटर तसे सांगतोही. परंतु स्टीफनला राहवत नाही. हा माल आमचा आहे, आम्ही तो मिळवला आहे, ह्या भावनेने तो गोळी झाडतो आणि युद्ध पेटते. जे मुळात कोणाचेच नव्हते आणि चौघांच्या गरजेच्या हजारपट होते, त्यासाठी माणसे मरतात. स्टीफनला प्रेते चावतात. तो मरून उठतो. आणि भिंतीआड लपवलेल्या जिन्याची वाट त्याच्या मेलेल्या मेंदूत शिल्लक असल्यामुळे तोच प्रेतांची फौज आपल्या जिवंत साथीदारांवर घेऊन जातो. मालकीची आठवण माणसाहून चिवट निघते. शेवटी पीटर आणि फ्रॅन हेलिकॉप्टरमध्ये जेमतेम इंधन असताना उडून जातात. जे वाचतात ते मॉल सोडल्यामुळे वाचतात.

येथे संघर्षाचे कारण मनुष्यस्वभाव नाही, टंचाईदेखील नाही. विपुलतेत माणसे लढतात ती मालकीसाठी, हे रोमेरोने प्रबंध न लिहिता दाखवले. पिट्सबर्गलगतच्या होमस्टेड येथील पोलाद कारखाना १९८६ साली बंद पडला. १८९२ साली ज्या कामगारांनी मालकाच्या भाडोत्री सशस्त्र पहारेकऱ्यांशी झुंज दिली होती, त्यांचाच तो कारखाना. त्याच्या जागेवर १९९९ साली खरेदी-संकुल उभे राहिले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिलेला ज्यांनी पाहिला, त्यांना ह्या घटनेचा अर्थ पिट्सबर्गला न जाताही कळेल.

तिसरा चित्रपट ‘डे ऑफ द डेड’ १९८५ सालचा. आता जिवंत माणसे जवळजवळ संपली आहेत. एका भूमिगत तळावर डझनभर माणसे उरली आहेत. काही शास्त्रज्ञ, काही सैनिक. अन्न आहे, जागा आहे, शस्त्रे आहेत. तरीही सर्वनाश होतो, कारण सत्ता कॅप्टन ऱ्होड्सच्या हाती एकवटली आहे. तो सभा बोलावतो. सारा ही शास्त्रज्ञ सभा सोडून निघते तेव्हा ती खाली बसली नाही तर तिला गोळी घाल असा हुकूम सैनिकाला देतो, आणि सैनिक कचरला तर त्यालाही मारण्याची धमकी देतो. बंदुकीच्या धाकाने भरवलेली ही सभा म्हणजे सभेचे प्रेत होय. दुसरीकडे डॉ. लोगन हा शास्त्रज्ञ एका मेलेल्याला माणसाळवण्याच्या नादात मेलेल्या सैनिकांचेच मांस त्याला खाऊ घालतो. ज्ञान लोकांपासून तुटले की किती खाली जाते, याचे हे चित्र आहे. गंमत अशी, की त्या तळावर माणुसकीची खूण सर्वांत ठळक दिसते ती त्या माणसाळलेल्या प्रेताच्या ठायी. आपला शिक्षक मारला गेलेला पाहून ते शोक करते.

तेव्हा तिन्ही चित्रपट मिळून सांगतात ते असे. पहिल्या घरात माणसे अविश्वासाने मेली, दुसऱ्यात मालकीने, तिसऱ्यात हुकूमशाहीने. तिन्ही गोष्टी जुन्या समाजातून आत आणलेल्या आहेत. दार बंद करताना बाहेरचे प्रेत बाहेर राहिले, पण मेलेली समाजव्यवस्था माणसांच्या डोक्यांत बसून आत आली. खरे प्रेत तेच.

अर्थात येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. रोमेरोच्या चित्रपटांचा असा अर्थ लावता येतो हे खरे. पण सामान्य प्रेक्षक तो लावतोच असे नाही. त्याला दिसते ती बंदूक, भिंत आणि विश्वासघात. नंतरच्या अनेक चित्रपटांनी आणि मालिकांनी तेवढेच उचलले. दाराबाहेरचा जमाव म्हणजे प्रेते, त्यांवर गोळी झाडण्यात पाप नाही, हे चित्र वर्षानुवर्षे पाहिलेल्या समाजाचे काय होते?

उत्तर पडद्याबाहेर मिळाले. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना वादळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर आले आणि न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. मागे राहिलेले लोक प्रामुख्याने गरीब आणि कृष्णवर्णीय होते. शहरात खून, बलात्कार, लुटालूट यांचे थैमान चालू असल्याच्या बातम्या जगभर पसरल्या. त्यांतील पुष्कळशा अतिरंजित किंवा खोट्या होत्या, हे मागाहून उघड झाले. परंतु ४ सप्टेंबर रोजी डान्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या, दोघांना ठार आणि चौघांना जखमी केले, ही गोष्ट खरी होती. नदीपलीकडच्या ग्रेटना ह्या उपनगराच्या पोलिसांनी पुलावरून पायी येणाऱ्या आपद्‌ग्रस्तांना बंदुका दाखवून परत फिरवले, हेही खरे होते. त्याच वेळी शेकडो साधी माणसे आपापल्या होड्या घेऊन अनोळखी लोकांना छपरांवरून उतरवीत होती. बेनला मारणारी टोळी काल्पनिक नव्हती. काल्पनिक होते ते संकटात गरीब माणूस पशू होतो हे गृहीतक.

संकटांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांनी हे फार पूर्वी सांगितले होते. १९६३ साली अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती-संशोधनाचे केंद्र निघाले. एन्रिको क्वारँटेली आणि त्यांचे सहकारी पूर, वादळ, भूकंप अशा प्रसंगी तेथे जाऊन पाहू लागले. घबराटीने बेभान झालेला जमाव त्यांना क्वचितच आढळला. आढळले ते शेजारी शेजाऱ्याला उकरून काढताना, अन्न वाटून घेताना, आपण होऊन काम वाटून घेताना. घाबरतात ते बहुधा ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे पुष्कळ असते ते.

ह्या दृष्टीने दक्षिण कोरियाचा ‘ट्रेन टु बुसान’ (२०१६) हा चित्रपट विशेष महत्त्वाचा आहे. दिग्दर्शक येओन सांग-हो. सेऊलहून बुसानला निघालेल्या वेगवान गाडीत रोग शिरतो. नायक एका गुंतवणूक-निधीचा व्यवस्थापक आहे आणि अशा वेळी फक्त स्वतःकडे पाहावे, अशी शिकवण तो आपल्या लहान मुलीला देतो. ज्या कंपनीतून हा रोग बाहेर पडला ती त्याच्याच निधीने जगवलेली होती, हे त्याला मागाहून कळते. सरकार दूरचित्रवाणीवरून सारे काही काबूत असल्याचे सांगत राहते. ह्या चित्रपटाच्या दोनच वर्षे आधी, १६ एप्रिल २०१४ रोजी, सेवोल ही बोट बुडून ३०४ माणसे गेली होती. त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती. त्यांना जागेवरच थांबा अशी सूचना होत राहिली आणि कप्तान मात्र आधी निसटला होता. कोरियन प्रेक्षकांना सरकारी घोषणांचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नव्हती.

गाडीत एक मोठा कंपनी-अधिकारी आहे. मागच्या डब्यांतून जीव वाचवून येणाऱ्यांना रोग झालेला असेल, असे सांगून तो इतर प्रवाशांना चिथावतो आणि ते दार अडवून धरतात. रोमेरोच्या घरातील कूपर येथे पुन्हा अवतरतो. फरक एवढाच, की ह्या वेळी डब्यातले बहुसंख्य त्याच्या मागे जातात. मग दारापलीकडे आपल्या बहिणीचे प्रेत झालेले पाहून एक वृद्धा, स्वतःला वाचवण्यासाठी इतरांना बळी देणाऱ्या त्या डब्याकडे एकवार पाहून, शांतपणे ते दार उघडते. प्रेक्षक त्या क्षणी तिला दोष देऊ शकत नाही. उलट, जीव ओवाळून टाकणारे लोक आहेत ते असे : एक धिप्पाड कामकरी नवरा, एक बेघर भणंग, आणि शेवटी स्वतः तो निधी-व्यवस्थापक, ज्याला त्याच्याच मुलीने माणूस केले.

अखेर उरतात दोघी, ती मुलगी आणि एक गरोदर स्त्री. त्या अंधाऱ्या बोगद्यातून बुसानकडे चालत असतात. पलीकडे सैनिक नेम धरून उभे असतात. ह्या जिवंत की मेलेल्या हे त्यांना कळत नाही. गोळी घालण्याचा हुकूम मिळतो. तेवढ्यात मुलगी वडिलांसाठी पाठ केलेले गाणे रडत रडत गाऊ लागते. बंदुका खाली येतात. १९६८ साली खिडकीतल्या बेनला जे लाभले नाही ते येथे घडते. गोळी झाडण्यापूर्वी कोणी तरी ऐकले. दोन चित्रपटांमधील सारे अंतर ह्या ऐकण्यात आहे.

मराठी चित्रपटानेही हा विषय हाताळला आहे. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २०२२ साली आला. त्याची जातकुळी विनोदी आणि मनोरंजनाची. पण उंच इमारतीतले मध्यमवर्गीय, शेजारची झोपडवस्ती आणि दोहोंमधले पाणी ही त्याची मांडणी आहे. ती परदेशातून उसनी आणावी लागली नाही, डोंबिवलीतच मिळाली. भिंत प्रेते येण्याच्या आधीपासूनच बांधलेली होती.

आणि त्याआधी दोनच वर्षे ह्या देशाने पडद्याशिवाय हा चित्रपट पाहिला होता. २०२० च्या टाळेबंदीत गृहसंकुलांनी घरकाम करणाऱ्या बायांना फाटके बंद केली, कित्येक गावांनी वाटांवर काटेरी फांद्या टाकल्या. शहरे उभारणारे मजूर पायी घराकडे निघाले. जालन्याहून निघालेले सोळा मजूर थकून रुळांवर झोपले आणि ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. पण त्याच दिवसांत रस्त्याकडेला चुली पेटवून अनोळखी वाटसरूंना भाकरी देणारे लोकही होते. कूपर होता, आणि होडीवालाही होता. कोणता मनुष्यस्वभाव खरा, हा प्रश्नच म्हणून फसवा आहे. कोणती व्यवस्था कोणाला बळ देते, हा खरा प्रश्न होय.

साथींनो, पुढील संकटे येणार आहेत; पूर, दुष्काळ, साथी, उष्णतेच्या लाटा. तेव्हा भिंतीचे आणि बंदुकीचे राजकारण मोठ्या आवाजात सांगितले जाईल, आणि बाहेरचा म्हणून कोणा तरी गरिबाकडे बोट दाखवले जाईल. ज्या वस्तीत माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, जिथे सभेत स्त्रिया बोलतात आणि विरोधी मत ऐकून घेतले जाते, जिथे पाणी आणि धान्य यांची वाटणी सर्वांसमोर होते, तेथे ह्या राजकारणाला थारा मिळत नाही. परंतु अशी वस्ती संकटाच्या रात्री तयार होत नाही. फळ्या ठोकायला घेतल्यावर ओळखी करून घेण्यास उशीर झालेला असतो. कार्यकर्त्याचे काम त्या रात्रीच्या पुष्कळ आधी, साध्या दिवसाउजेडी, दारोदार जाऊन सुरू होते.